चिठ्ठीवरचं नाव

नरडाण्यात मे महिन्यात पारा ४४च्या वर गेला की माझ्या दुकानातल्या पेट्या आणि व्हायोलिनं रात्री कटकन वाजतात. लाकूड आक्रसतं, सांधे उकलतात. असंच उकललेलं एक व्हायोलिन बेटावदचा एक तरुण घेऊन आला. आजोबा भजनात वाजवायचे. आतली चिठ्ठी त्यानं मोबाइलच्या उजेडात वाचून ठेवली होती : आन्तोनियुस स्त्रादिवारियुस, क्रेमोना.

"भाऊ, हाई लाखनी वस्तू शे ना?"

मी त्याच चिठ्ठीची खालची ओळ दाखवली. 'मेड इन जर्मनी'. जगप्रसिद्ध व्हायोलिनकार स्त्रादिवारी इटलीत १७३७ साली वारला. जर्मनी एक देश झाला तो १८७१ला. आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत हवंच, असा कायदा अमेरिकेनं १८९०ला केला, त्यानंतरची ही चिठ्ठी.

मला मात्र असली व्हायोलिनं आवडतात. जर्मनीत, सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शेन गावाभोवती ती घराघरांत बनत. एका घरी नुसती मान आणि तिच्या टोकाचं वेटोळं, दुसरीकडे खोकं, आणखी कुठे खुंट्या. व्यापारी सगळं जोडून घेऊन विकायचा. माल इतका जाई की १८९३ला अमेरिकेनं तिथं आपली वाणिज्य वकिलात उघडली. नगावर मजुरी. पोटाची फळी उघडली तर ती घाई दिसते. खर्जाच्या तारेखालची दांडी वेगळी चिकटवलेली नाही, फळीतूनच कोरून ठेवलीय. कोपऱ्यांत ठोकळे नाहीत. कडेच्या दुहेरी रेघा खोबणीत बसवलेल्या पट्ट्यांच्या हव्यात, त्या शाईनं ओढल्यात. आत गोल पटाशीचे घाव तसेच. बाहेरून मात्र तीच फळी गुळगुळीत. नजर जाणार नाही तिथं श्रम घालायला कारागिराला परवडत नव्हतं. फळीचं स्प्रूस लाकूड मात्र सरळ रेषांचं, चोख निवडलेलं.

वेटोळं एका बाजूनं झिजलं होतं. आजोबा मांडी घालून, ते घोट्यावर टेकवून वाजवत असणार. मानेत खोबरेल मुरलेलं.

मागे कुणीतरी सुतारकामाच्या पांढऱ्या गमनं एक सांधा पक्का केला होता. अगदी पक्का! सांधा सुटेना, म्हणून शेजारची फळीच तडकली. म्हणून तर इथं सरस लागतो. लाकूड ओढ घेतं तेव्हा सरस आधी सुटतो, फळी वाचते. तो भांड्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपासच तापवायचा; उकळला की मेला. पातळ सुरीनं सांध्यात सारला, शिकंजे लावले, रात्रभर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तारा चढवल्या. आवाज किंचित नाकातला, पण भरीव.

चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता.

"काढी टाकू का, भाऊ?"

भांड्यात सरस थोडा उरला होता. मी सळईच्या टोकानं तो कोपराही चिकटवून टाकला.