नळीमागची ऊब

लॅम्बोर्न, १२ जानेवारी
सकाळी घोडीच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवला. गुडघ्याखाली, नळीच्या मागे, ऊब लागली. लंगडत नव्हती. काल अडथळ्यांच्या शर्यतीत दुसरी आली, म्हणून सगळे खुशीत होते. पुण्याच्या रेसकोर्सवर बाबा मोतद्दार होते. रोज पहाटे ते असाच हात फिरवायचे. घोडं लपवतं, पाय लपवत नाही, म्हणायचे.

२० जानेवारी
मुद्दाम आठवडाभर थांबून सोनोग्राफी केली. पहिल्या दिवसांत जखम वाढत जाते. नळीमागच्या टेंडनच्या, म्हणजे कंडरेच्या, मधोमध काळं वर्तुळ दिसलं.

भरधाव घोड्याच्या प्रत्येक टापेला हे टेंडन स्प्रिंगसारखं ताणून सुटतं. त्यातली थोडी शक्ती उष्णता होऊन आत कोंडते आणि गाभा ४५ अंशांपर्यंत तापतो. तंतू तुटतात तेही गाभ्यातच. शरीर तिथे व्रण भरतं, पण तो ताठ असतो, मग त्याच्या शेजारचं फाटतं. बाबांनी यावर उपचार म्हणून तापल्या सळईने डागलेले पाय पाहिले होते. डागून टेंडन सुधारत नाही, हे ब्रिस्टलच्या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं. तोवर किती जनावरांनी ते सोसलं, हा विचार मला अजून सोडत नाही.

२४ जानेवारी
गुंगीचं औषध देऊन, उभ्या घोडीच्या छातीच्या हाडातून मज्जा काढली. ती शहारली, एवढंच. त्यातल्या मूलपेशी वाढवायला नमुना प्रयोगशाळेत गेला.

१८ फेब्रुवारी
वाढवलेल्या पेशी आल्या. साधारण एक कोटी, आणि सगळ्या तिच्याच. पाय बधिर करून, पडद्यावर बघत सुई थेट त्या काळ्या पोकळीत नेली. भोवतालचं धड टेंडन वाटीसारखं त्यांना धरून ठेवतं.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "उन्हाळ्यात पळेल?" पुढच्या हिवाळ्याआधी नाही, म्हटलं. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी अशाच पेशी दिलेल्या ११३ शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब मांडला. पुन्हा दुखापत झाली सुमारे २७ टक्क्यांना. जुन्या उपचारांच्या नोंदींपेक्षा हे बरंच कमी, पण त्याच वेळी पेशींशिवाय ठेवलेले घोडे तुलनेला नव्हते. तेही सांगितलं. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक टिकत नाहीत. त्या टेंडन बनण्याऐवजी भोवतालच्या पेशींना दुरुस्तीचे इशारे देत असाव्यात. मालक गप्प झाले, मग हो म्हणाले.

२६ फेब्रुवारी
आजपासून हाताने धरून चालवणं. दहा मिनिटं.

१५ मे
पायात ऊब नाही, सूज नाही. काळं वर्तुळ भरलंय, तंतू मात्र अजून एका दिशेने लागलेले नाहीत. घोडीला हे कसं समजावणार? कुरणापलीकडे दुसरे घोडे दौडत गेले आणि तिने दोराला असा हिसका दिला की माझे तळवे सोलले. सोडली नाही. तिला परत वळवलं, आज दोन मिनिटंच दुडक्या चालीने पळवलं, आणि आत नेल्यावर पुन्हा नळीमागे हात ठेवून बसले.