एका अँपिअरचा धडा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. फ्यूज, केबल, स्विच, कॉन्टॅक्टर असा माल आसपासच्या कारखान्यांना पुरविण्यात माझी तीस वर्षे गेली. या काळात ‘एक अँपिअरचा फ्यूज नसेल तर पाचाचा द्या, आजचे काम भागवू,’ असे म्हणणारी गिऱ्हाइके शेकड्यांनी आली. त्यांना मी माल न देता परत पाठविले. वडिलांनी गादीवर बसवितानाच सांगितले होते, “फ्यूज हा पहारेकरी आहे. संकट आले की आधी त्याने जळायचे. न जळणारा पहारेकरी ठेवणारा शेवटी घर जाळून घेतो.” हीच शिकवण मी माझ्याच घरात कशी विसरलो, त्याची ही हकीकत.

माझा मुलगा दिवसभर दुकान सांभाळतो. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी आमची जेवणे उरकली, की गिटार घेऊन वरच्या खोलीत जातो. दोन वर्षे स्वतःच्या पगारातून पैसे साठवून त्याने मुंबईहून एक जुना अॅम्प्लिफायर आणला. तो व्हॉल्व्हचा, पंधरा वॅटचा होता. किंमत ऐकून मी म्हणालो, “ट्रान्झिस्टर येऊन पाऊणशे वर्षे होत आली आणि तू काचेच्या नळ्या विकत घेतोस? हा व्यवहार मला समजत नाही.” तो एवढेच म्हणाला, “पप्पा, एकदा वर येऊन ऐका तरी.” मी गेलो नाही. हिशेबाचे निमित्त पुढे केले.

खरे तर त्या नळ्या मला परक्या नव्हत्या. माझ्या लहानपणी घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरविल्यावर आत नारिंगी उजेड दिसे आणि अर्ध्या मिनिटाने विविध भारती बोलू लागे. तोवर घरातले सगळे गप्प बसून वाट पाहत. असे व्हॉल्व्ह त्या काळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही तयार होत. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि तो रेडिओ माळ्यावर गेला.

गेल्या पावसाळ्यात मुलाचा मित्रमंडळींसोबत कार्यक्रम ठरला होता. आदल्या रात्री अॅम्प्लिफायर अचानक बंद पडला. फ्यूज उडाला होता. मागच्या पट्टीवर स्पष्ट लिहिले होते : एक अँपिअर, स्लो ब्लो. दुकानात त्या दिवशी तेवढाच नेमका शिल्लक नव्हता. मुलगा म्हणाला, “राहू द्या पप्पा, सकाळी शहरातून आणतो.” परंतु इतक्या दिवसांनी त्याच्या छंदात मला काही करता येईल असे वाटले आणि त्या उत्साहात मी पाच अँपिअरचा फ्यूज बसविला. काही क्षण सारे ठीक चालले. मग जळक्या वार्निशचा वास आला. बटण बंद करेपर्यंत पॉवर ट्रान्सफॉर्मर गेला होता. मुलाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्याचे ते मौन मला फार लागले.

रविवार कारंजा परिसरात रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. आत पाहून ते म्हणाले, “शेठजी, एक पॉवर व्हॉल्व्ह आतून शॉर्ट झाला होता. फ्यूज उडाला, म्हणजे त्याने आपले काम केले. तुम्ही त्याला बोलू दिले नाही.” ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग अंबडच्याच एका छोट्या कारखान्यात नव्याने करून मिळाले. व्हॉल्व्हची जोडी मात्र बाहेरून मागवावी लागली. आता हे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे बनतात.

त्या कारागिरांकडे बसून जे शिकलो, ते इथे मांडतो. आपल्या घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने पहिलाच असा अॅम्प्लिफायर आणला, तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही सुरू करू नये. स्पीकरचा भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकर आठ ओहमचा असेल तर तो आठ ओहमच्याच जागी लावावा. स्टँडबायचे बटण असल्यास आधी मुख्य बटण लावून व्हॉल्व्हचे तंतू अर्धा-एक मिनिट तापू द्यावेत. वाजवून झाल्यावर लगेच उचलू नये. तापलेला व्हॉल्व्ह धक्क्याने लवकर खराब होतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावे.

तो भिंतीला चिकटवून ठेवू नये आणि गरम असताना त्यावर कापड झाकू नये. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी थोडा वेळ चालवावा, म्हणजे आत दमट राहत नाही. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. अमेरिकेहून आलेला अॅम्प्लिफायर १२० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावू नये.

व्हॉल्व्ह ही झिजणारी वस्तू आहे. आवाज क्षीण झाला, खरखर वाढली, की तो बदलावा लागतो. पॉवर व्हॉल्व्ह जोडीने बदलावेत. आतली धातूची पट्टी लालभडक दिसू लागली तर तत्क्षणी बंद करावे. तंतूचा नारिंगी उजेड मात्र स्वाभाविक आहे.

सर्वांत महत्त्वाचे : पेटी घरी उघडू नये. आत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो. हा धक्का जिवावर बेततो. फ्यूजबद्दल मी वेगळे काय सांगू? तो लिहिलेल्या आकड्याचाच घालावा. पुन्हा उडाला तर कारागिराकडे जावे.

कारागिरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या नावाचे अॅम्प्लिफायर जगभर गाजले, त्यांतले लिओ फेंडर यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. लंडनचे जिम मार्शल हे वाद्यांचे दुकानदार. गिटार वाजविणारी गिऱ्हाइके हवा तसा आवाज मिळत नाही म्हणत. त्यांचे ऐकून त्यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी स्वतःचा अॅम्प्लिफायर तयार करविला. दोघेही आमच्यासारखेच गल्ल्यावर बसणारे, फक्त समोरच्याचे ऐकून घेणारे. मी मुलाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

घरी येताना गाडीत मी त्याची क्षमा मागितली. फ्यूजसाठी मागितलीच, पण दोन वर्षे वर न गेल्याबद्दलही मागितली. तो हसला आणि म्हणाला, “पप्पा, आधी स्पीकर जोडू, मग बोलू.”

त्या संध्याकाळी जेवण झाल्यावर मी प्रथमच वरच्या खोलीत जाऊन बसलो. त्याने बटण लावले. नळ्यांत नारिंगी उजेड आला. आवाज येईपर्यंत लहानपणासारखाच मी गप्प बसून वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच एक अँपिअरच्या स्लो ब्लो फ्यूजचा डबा मागविला. त्यातले दहा फ्यूज वरच्या खोलीत ठेवले आहेत.