टोळी

'द वॉरियर्स' मी जळगावला, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर पाहिला. १९७९चा, वॉल्टर हिलचा सिनेमा. एक लॅपटॉप, आम्ही सहा जण आणि गरम हवा फेकणारा पंखा. बेसबॉलचे कपडे घालून तोंडं रंगवलेली टोळी पडद्यावर आली तेव्हा एक जण म्हणाला, "हे तं पोळ्याचे बैल शेत भो!" अर्धा सीन हसण्यात गेला.

गोष्ट साधी आहे. सायरस नावाचा नेता न्यूयॉर्कच्या सगळ्या टोळ्यांना रात्री सभेला बोलावतो. प्रत्येक टोळीची नऊ पोरं, हत्याराशिवाय. सभेत त्याला गोळी लागते. गोळी घालणारा ल्यूथरच ओरडतो, "वॉरियर्सनी मारलं!" पुरावा कोणी मागत नाही. रेडिओवरची एक बाई गाण्यांच्या मधे शहरभर खबर देत राहते. आपल्याला तिचे फक्त ओठ दिसतात. वॉरियर्सना रात्रभर पळत कोनी आयलंडला, घरी पोचायचंय.

तेव्हा आम्हाला आवडली ती जॅकेटं आणि मारामाऱ्या. रेडिओवरची बाई लक्षात आली नंतर.

२०१८च्या जूनमध्ये आमच्या धुळ्याच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी मेसेज टाकला: मुलं पळवणारी टोळी फिरतेय, सावध राहा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. हे खोटं असणार, हे मला कळत होतं. पण काकांना सगळ्यांसमोर कसं बोलायचं? मी फॉरवर्ड केला नाही आणि तेवढ्यावरच स्वतःला शहाणा समजलो.

१ जुलै, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. घर लांब, मंगळवेढ्याकडे. लोकांनी त्यांना तीच 'टोळी' ठरवलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना जीव जाईपर्यंत मारलं.

पाच थकलेल्या माणसांना टोळी म्हणणारी खरी टोळी कोणती होती? आमच्या काकांचा मेसेज राईनपाड्यात पोचला असेल असं नाही. पण तसाच कोणाच्या तरी काकांचा पोचलाच. आणि तिथेही माझ्यासारखा कोणीतरी गप्प बसला असेल.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. आता मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा उपाय कळतो: वेग कमी करा. पण आमच्या ग्रुपला वेगाची अडचण नव्हती. एका वाक्याची होती. "काका, हे खोटं आहे."

सिनेमात सकाळ होते, खरं बाहेर येतं. रेडिओवरची बाई वॉरियर्सची माफी मागते आणि त्यांच्यासाठी एक गाणं लावते.

आमच्या ग्रुपवर २ जुलैच्या सकाळी गुलाबाच्या फुलांचं 'शुभ सकाळ' आलं होतं. मीही हात जोडले होते.