संगणक घ्यावा पारखून

बैल घेताना आपण शिंगांचा रंग पाहत नाही. दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. संगणक घेतानाही हीच रीत पाळावी.

आमच्या धाकट्या मुलीने वर्षभर मोबाईलवर व्हिडिओ घेतले. थोरल्याचे लग्न, कांद्याची काढणी आणि सर्वांत मोलाच्या म्हणजे सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या. आता सासूबाईंचा आवाज बसला आहे. पुन्हा तसे गाणे होणे नाही. हे सारे नीट कापून-जोडून जपावे, म्हणून कांद्याचे पैसे आल्यावर संगणक घ्यायचे ठरले.

तालुक्याच्या दुकानात काचेच्या पेट्या रंगीत दिव्यांनी झगमगत होत्या. दुकानदार म्हणाला, "काकू, हा घ्या. मुलं यावरच खेळ खेळतात." मुलगी म्हणाली, "दादा, आम्हाला खेळायचं नाही. आमचं काम काय ते आधी ऐका."

आता हे काम किती अवजड असते पाहा. साध्या फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख, म्हणजे चौपट. अशी चित्रे बहुधा सेकंदाला ३० येतात. सेकंदाला ५० मेगाबिट या गतीने नोंदलेला तासाभराचा व्हिडिओ साडेबावीस जीबी जागा खातो.

मुलीने ह्यांना शेतातल्या भाषेत समजावले. प्रोसेसर म्हणजे मजूर, रॅम म्हणजे खळे आणि डिस्क म्हणजे कणगी. खळे लहान असेल तर मजूर कितीही लावा, मळणी अडतेच. म्हणून रॅम निदान १६ जीबी घ्यावी. फोर-केचे काम असेल तर ३२ बरी. पुढे वाढवायला जागा मोकळी आहे का, हेही विचारावे. चालू काम वेगवान एसएसडीवर ठेवावे. झालेले काम साठवायला फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क चालते; तेवढ्याच जागेला ती स्वस्त पडते.

आणखी एक खुबी आहे. पुष्कळ मोबाईल व्हिडिओ एचईव्हीसी पद्धतीने दाबून ठेवतात. कडब्याची गाठ दाबून बांधली की जागा वाचते, पण सोडवायला कष्ट पडतात; तसेच हे. ही गाठ सोडवण्याची सोय यंत्रातच आहे का, हे दुकानात आपलाच व्हिडिओ चालवून पाहावे. नसेल तर हलक्या प्रती करून त्यांवर काम करावे आणि शेवटी मूळ व्हिडिओ लावावा. केडेनलाइव्ह, शॉटकट हे कार्यक्रम फुकट मिळतात. साध्या कापाकापीला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागतेच असे नाही. डाव्हिंची रिझॉल्व्ह वापरायचे असेल तर मात्र चांगले कार्ड हवे.

जुना संगणक मिळत असेल तर विंडोज ११ चालते का, हे पाहावे. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

गावात विजेचा भरवसा नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. टेबलावरचा संगणक घेतला तर यूपीएस हवाच. लहान यूपीएस थोडी मिनिटेच चालतो. तेवढ्यात काम जतन करून यंत्र बंद करावे. घरची अर्थिंगही तपासून घ्यावी. आम्ही टेबलावरचाच घेतला, कारण त्याचे भाग बदलणे सोपे.

बियाणे कोणी एकाच मडक्यात ठेवत नाही. १९८० नंतरच्या लग्नांच्या कितीतरी व्हिडिओ कॅसेटी बुरशीने गेल्या, आणि डिस्कही एक दिवस बंद पडतेच. म्हणून मुलीने कात्री लावण्याआधी ओव्यांच्या दोन प्रती केल्या. त्यांतली एक नणंदेच्या गावी नेऊन ठेवली.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पैसे मोजकेच असतील तर क्रम असा धरावा : आधी बऱ्यापैकी प्रोसेसर आणि पुरेशी रॅम, मग एसएसडी, मग प्रत ठेवायला वेगळी डिस्क आणि यूपीएस. ग्राफिक्स कार्ड कामाची गरज पाहून. आणि इतके सगळे होऊन चार पैसे उरलेच, तर खुशाल रंगीत दिवे घ्या.