एक लाईन, दोन कॉम्प्युटर

हुबळीच्या कमरीपेठेत वाढलेल्या आमच्या पिढीला घरात कुठली वस्तू एकट्यासाठी आल्याचं आठवत नाही. पाच-सहा दिवसांनी येणारं नळाचं पाणी सगळ्यांनी मिळून भरायचं, टीव्ही सोप्यात, फोन आप्पांच्या खुर्चीशेजारी. इंटरनेट आलं तेही वाटून घ्यायलाच आलं. ते वाटायचं कसं, हे मात्र शाळेत, कॉलेजात कुणी शिकवलं नाही. घराघरातल्या पोरापोरींनी ते हातानं जमवलं.

विदेश संचार निगमानं देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं ते 15 ऑगस्ट 1995 ला. आमच्या गल्लीत पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. संचारनेटचं खातं, फोनची लाईन आणि 56 केबीपीएसचा मॉडेम, म्हणजे सेकंदाला फार तर सात केबी. नेट चालू असेतोवर फोन बंद. दुर्गदबैलच्या दुकानातून काका घरी फोन लावत राहायचे आणि त्यांना एंगेज टोन मिळायचा. "आक्का, कट कर की आता, काका फोन लावून दमलेत बघ," हे वाक्य त्या काळी घरोघरी ऐकू यायचं.

मग घरात दुसरा कॉम्प्युटर आला. पहिला सोप्यातला, टॅलीवर दुकानाचे हिशेब ठेवणारा. दुसरा माडीवर, इंजिनिअरिंगला गेलेल्या दादासाठी सुटे भाग आणून जोडलेला. लाईन एकच. विंडोज 98 च्या 1999 मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत एक सोय होती: एका कॉम्प्युटरनं नेट घ्यायचं आणि दुसऱ्याला द्यायचं. देणाऱ्याचा पत्ता 192.168.0.1, घेणाऱ्याचा त्याच्या पुढचा. अट एकच, सोप्यातला चालू असला तरच माडीवरच्याला नेट. त्यामुळे खाली काकांचं काम आटोपलं, तरी वरून हाक यायची, "काका, बंद करू नका हं!" आणि काका तो चालू ठेवून जेवायला बसायचे.

खरं काम केबलचं होतं. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला साधी केबल चालत नसे, क्रॉस केबल लागे. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला भिडली पाहिजे, म्हणून एका टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची. दुसऱ्या टोकाला नेहमीचा क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आमच्यातल्या कित्येकांना आजही पाढ्यासारखा पाठ आहे. कोप्पीकर रोडवरून आणलेलं क्रिम्पिंग टूल गल्लीत एकाकडेच असायचं आणि शेवयाच्या यंत्राइतकंच घरोघरी फिरायचं. केबल मंगळुरी कौलांखालून, तुळईच्या कडेनं न्यायची. उंदरांनी कुरतडू नये म्हणून ती विजेच्या वायरिंगच्या पाइपात घालायची. वळवाचे ढग गडगडायला लागले की आई आधी ओरडायची ती फोनची वायर काढायला. लाईनवरून आलेल्या विजेनं मॉडेम जळाल्याचं प्रत्येक गल्लीत एक तरी उदाहरण होतं.

आणि हे सगळं पोरांनी केलं असंच आता सांगितलं जातं. ते खोटं आहे. आठ तारा ओळीत धरून, टोकं एकसारखी कापून ती क्लिपमध्ये बसवायला हात स्थिर लागतो, आणि आमच्याकडे तो आक्काचा होता. दादा शिडीवर, आक्का क्रिम्पिंगला. गल्लीतल्या बाकीच्या घरांच्या केबली करायलाही लोक तिलाच बोलवायचे.

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं. वेग 256 केबीपीएस, आणि भिंतीवरच्या छोट्या स्प्लिटरमुळे फोन आणि नेट एकाच वेळी चालू! काकांचे फोन लागायला लागले. 192.168.1.1 उघडून खात्याचं नाव आणि पासवर्ड मॉडेममध्येच भरला की कुठल्याही कॉम्प्युटरला दुसऱ्याची वाट बघावी लागत नसे. मधे एक स्विच ठेवला की झालं. जगभरचे इंटरनेटचे पत्ते सुमारे 430 कोटीच, म्हणून घरातल्या वापरासाठी 192.168 सारखे काही पत्ते आधीच राखून ठेवलेले होते. बाहेरच्या जगाला आमचं अख्खं घर एकाच पत्त्यावर दिसायचं. एकत्र कुटुंबाला याहून शोभणारी रचना मला माहीत नाही.

डेटा मोजून मिळायचा, पण काही प्लॅनमध्ये रात्री 2 ते सकाळी 8 मोफत होता. मोठी डाउनलोड त्या वेळेत. दादा गजर लावून उठायचा, आणि देवपूजेला उठलेली आजी विचारायची, "झोपलाच नाहीस काय रे अजून?"

पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, निकालाच्या दिवशी मात्र घर गल्लीचं व्हायचं. शेजारची मुलं रजिस्टर नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन सोप्यात जमायची. साइट उघडता उघडत नसे. वरचा आणि खालचा दोन्ही कॉम्प्युटर त्याच कामाला, बाकी सगळ्यांचं सगळं बंद. माडीवर निकाल दिसला की वरूनच आकडे सांगायचे आणि खाली एकजण लिहून घ्यायचा. आक्का आधी नापास झालेल्यांच्या घरी स्वतः जाऊन यायची.

आईसाठी आम्ही 'बरह' घातलं होतं. 1998 मध्ये कन्नडसाठी निघालेलं ते सॉफ्टवेअर पुढे मराठीही लिहू देऊ लागलं. बाहेर कन्नड आणि घरात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्या घरांना दोन्ही भाषा एकाच कीबोर्डवर मिळाल्या. आईनं कोल्हापूरच्या मावशीला पहिली मराठी मेल त्यातूनच लिहिली.

आता प्रत्येकाच्या खिशात नेट आहे आणि कमरीपेठेतली कौलारू घरं एकेक करून पाडली जातायत. जुन्या रेडिओचे, कॅमेऱ्यांचे फोटो लोक जपतात. त्या केबलींचे कुणी काढले नाहीत. तुमच्याही घरी अशी एका लाईनवर दोन कॉम्प्युटर चालवणारी केबल असेल, तर घर उतरवायच्या आधी तुळईजवळ बघा, फोटो काढा, आणि ती कुणी टाकली आणि कुणी क्रिम्प केली, ते नावानिशी लिहून ठेवा.