टु लेट

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर भाड्याने देऊन पाहावे, असे मात्र कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. जन्मभर भाड्याच्या घरात राहिलेल्या माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसालाही या व्यवहाराची दुसरी बाजू परवापरवापर्यंत ठाऊक नव्हती. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बेळगावातील एका नव्या बहुमजली इमारतीत दोन दिवस काढले, तेव्हा ती थोडीफार दिसली.

माझा एक जुना विद्यार्थी या इमारतीचा व्यवस्थापक आहे. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरे. त्यातले एकही विकायचे नाही, चाळीसच्या चाळीस भाड्यानेच द्यायची, असा मालकांचा बेत. मालक स्वतः परगावी असतात. "सर, एकदा येऊन बघा. शाळेतला पट भरणे सोपे, की इमारत भरणे सोपे, ते तुम्हीच सांगा," असा त्याचा निरोप आला आणि मी निपाणीहून बस धरली.

निपाणीत माझ्या नोकरीची पहिली वर्षे गेली. १९९६ साली ट्रंक आणि वळकटी घेऊन मी तेथे उतरलो, तेव्हा लग्न व्हायचे होते. तीन गल्ल्यांत खोली मागितली. "एकट्या माणसाला देत नाही," हे उत्तर तिन्ही ठिकाणी मिळाले. चौथ्या ठिकाणी एका जुन्या वाड्याच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आजी, जोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी ना माझी जात विचारली, ना गाव. एकच प्रश्न केला, "गुरुजी, रातीला दिवा किती वेळ जळणार?" साऱ्या वाड्याला विजेचे एकच मीटर होते. वह्या तपासायच्या असतात, साडेदहा तरी होतील, असे मी सांगितले. "मग पाच रुपये जास्ती द्या," म्हणाल्या आणि किल्ली हातावर ठेवली. त्या वाड्यात मी चार वर्षे राहिलो. तंबाखूच्या वखारी जवळच होत्या. हंगामात तो उग्र वास कपड्यांत, वह्यांत, भातातही उतरे. पण कौल फुटले की पाणी माझ्या खोलीत गळे आणि त्यांच्या माजघरातही, म्हणून कौल लगेच बदलले जाई. मालक आणि भाडेकरू एका छपराखाली असल्याचा हा मोठाच फायदा होता.

निपाणी हे गाव तसेही भाडेकरूंना सरावलेले. येथील देवचंद महाविद्यालय सीमेपलीकडे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात. निपाणीत खोली घेऊन राहणारा मुलगा सकाळी चहा कर्नाटकात पितो आणि पहिला तास महाराष्ट्रात ऐकतो.

बसने तवंदीचा घाट ओलांडला, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी मागे पडले आणि काकतीचा डोंगर दिसू लागला. पूर्वी बेळगाव जवळ आले की आधी झाडे दिसत. कॅम्पातली झाडी अजून आहे, पण आता तिच्याआधी इमारती दिसतात. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ येथे आले, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभा राहिला. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची महाविद्यालये, रुग्णालये, लष्करी केंद्र, ओतकाम आणि यंत्रभागांचे कारखाने, यांच्या मागोमाग बाहेरगावची माणसे येतात, आणि त्या प्रत्येकाला डोक्यावर छप्पर लागते. शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत दारावर पाट्या दिसतात. वर कानडीत 'मने बाडिगेगे इदे', खाली मराठीत 'घर भाड्याने देणे आहे', आणि दोन्ही न येणाऱ्यासाठी 'टु लेट'. आमचे भाडे आणि त्यांचे बाडिगे हे शब्द कानाला तरी सख्खे भाऊ वाटतात. सीमेचा वाद न्यायालयात चालू आहे, पाट्यांनी मात्र तो केव्हाच मिटवला आहे.

विद्यार्थी फाटकाशी उभा होता. त्याने आधी इमारतीचे पोट दाखवले. तळाशी पाण्याची टाकी, पंप, जनित्र, लिफ्टची यंत्रणा, विजेची पेटी. "सर, दर्शनी भाग बघून माणूस घर घेतो, पण या खोलीमुळे ते सोडतो," तो म्हणाला. प्रत्येक घराला हेस्कॉमचे स्वतंत्र मीटर आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचे एक सामाईक मीटर. या सामाईक खर्चाचा वाटा करारात आकड्यानिशी लिहिला नाही, तर पहिले भांडण त्यावरूनच होते. निपाणीच्या आजींचे पाच रुपये मला आठवले.

पंधरा मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे 'उंच इमारत' गणली जाते. तिला आगीपासून बचावाच्या अधिक अटी असतात. तेव्हा मोकळा जिना, पाण्याने भरलेले नळ आणि चालू स्थितीतली लिफ्ट या सोयी नसून जबाबदाऱ्या आहेत. जिन्यात कोणी जुनी कपाटे, सायकली ठेवू लागले की पहिल्याच दिवशी हटकावे लागते. महिन्याने हटकले तर त्याचा हक्क झालेला असतो. बेळगावचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या भिंती त्याने पहिल्या पावसाळ्यात रोज पाहिल्या आणि ओल आलेल्या जागा खडूने आखून ठेवल्या. आधी फट बुजवायची, भिंत वाळू द्यायची, मग रंग. रंगाने ओल झाकली, तर नवा भाडेकरू दुसऱ्या श्रावणात घर सोडून जातो.

किल्ली देतानाची त्याची रीत मला विशेष आवडली. खोल्याखोल्यांतील नळ, दिवे, पंखे, फरशीचे तडे, सर्वांची यादी करून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि छायाचित्रे काढायची. घर सोडताना तीच यादी हाती धरून फिरायचे. "अनामत रक्कम परत करताना तोंडावर तोंड पडत नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. दक्षिणेला यळ्ळूरचा राजहंसगड ढगांत बुडत होता. खाली वाकून पाहिले, तर चाळीसांपैकी चौदाच घरांत दिवे होते.

"भाडे थोडे उतरव की," मी म्हणालो.

"मालक ऐकत नाहीत, सर. साडेबारा हजारच हवेत म्हणतात."

आम्ही कठड्यावर बसून हिशेब केला. बारा हजारांना घेणारा आज दारात आहे. वरच्या पाचशेंसाठी त्याला परतवले आणि घर दोन महिने रिकामे राहिले, तर चोवीस हजार बुडाले. पाचशेंनी वर्षाला सहा हजार मिळणार. म्हणजे गमावलेले भरून यायला चार वर्षे. चौथीच्या मुलाला सुटणारे हे गणित मालकांना सुटत नाही, कारण रिकाम्या महिन्याची पावती कोणी फाडत नाही. आणखी एक युक्ती त्याने सांगितली. सगळे करार जूनमध्ये सुरू केले, तर पुढे सगळे एकाच वेळी संपतात आणि निम्मी इमारत एकदम ओस पडू शकते. म्हणून तो करारांच्या तारखा वर्षभर विखरून ठेवतो.

नवी इमारत आणि रिकाम्या खोल्या ही गोष्ट नवी नाही. आपल्या भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घराण्यांना बी. डी. डी. चाळी परक्या नाहीत. १९२० साली मुंबई सरकारने विकास खाते काढले, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे सुमारे सोळा हजार बांधल्या. काँक्रीटच्या चारमजली चाळी, खोली १६० चौरस फुटांची. पण भाडे कामगाराला जड आणि कित्येकांना जागा कामापासून, बाजारापासून दूर. हजारो खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला. त्याच चाळी नंतर इतक्या भरल्या आणि तिथल्या माणसांनी त्यांना असे घरपण दिले, की ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा जुनी खोली सोडताना अनेकांचे डोळे भरून आले असतील. खोल्या सरकारने बांधल्या होत्या, घरे माणसांनी केली.

आपल्यापैकी अनेकांची घरे या भागात आहेत आणि मुले दूर. तेव्हा कायद्याबद्दल दोन शब्द. कोगनोळीजवळ राज्याची हद्द ओलांडली की भाड्याचा कायदा बदलतो. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाप्रमाणे भाड्याचा किंवा 'लीव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी व नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. कर्नाटकाचा कायदाही १९९९ चाच, तो २००१ च्या अखेरीस अमलात आला. पण मोठ्या शहरांत महिना ३५०० रुपयांहून अधिक भाडे असेल, तर तो लागू होत नाही. म्हणजे आजच्या बहुतेक सदनिका त्याच्या बाहेर, आणि तेथे लेखी करार हाच आधार. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांची प्रथा पडली. कर्नाटकात 'भोग्य' नावाचाही एक प्रकार आहे, लोक त्याला नुसते 'लीज' म्हणतात. भाडेकरू एकरकमी मोठी रक्कम देतो, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहतो आणि जाताना रक्कम परत घेतो. मालकाने ती दुसरीकडे गुंतवून ठेवली, तर जाणारा भाडेकरू अडकतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे असे अडकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. कागद नोंदवल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आईसोबत घर पाहायला आली. निपाणीजवळच्या खेड्यातली, बेळगावच्या एका रुग्णालयात परिचारिका. तिच्यासोबत काम करणारी एक कानडी मुलगी आणि ती, अशा दोघी मिळून राहणार होत्या. आई विड्या वळणारी. बोटांच्या टोकांवर तंबाखूचा तपकिरी रंग कायमचा बसलेला. मुलगी स्वयंपाकघर पाहत होती, आई जिना पाहत होती.

"दादा, पोरगी रातपाळी करून येती. लिफ्ट बंद पडली, तर जिन्यात उजेड ऱ्हातो का?"

विद्यार्थ्याने मुख्य कळ बंद करून दाखवली. जिन्यातले दिवे बॅटरीवर चालू राहिले. म्हातारीने मान डोलावली. घर पसंत पडले, भाडेही मान्य झाले. तरी तो म्हणाला, "ताई, दोन दिवसांत कळवतो."

त्या खाली उतरल्यावर त्याने खुलासा केला. मालकांची सक्त सूचना होती, घर फक्त कुटुंबाला द्यायचे. "तुमचे काय मत, सर?"

मी म्हणून गेलो, "घर मालकाचे, मर्जी मालकाची."

बोललो आणि मलाच ते वाक्य ओळखीचे वाटले. निपाणीच्या तीन गल्ल्यांत ते मी ऐकले होते. वर्गात तीस वर्षे बंधुभावाचे धडे शिकवले, प्रतिज्ञा म्हणून घेतली, आणि विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून आले ते त्या तीन दारांचे उत्तर. मी त्याला वाड्यातल्या आजींची गोष्ट सांगितली. त्या बाईने माझ्यावर उपकार केला नव्हता. तिला विजेच्या बिलाची काळजी होती, तेवढेच तिने विचारले आणि त्याचे पैसे घेतले. जे विचारायचे ते विचारावे, जे विचारायचे नाही ते सोडून द्यावे, एवढा विवेक तिच्यापाशी होता.

संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच मालकांना फोन लावला. धडा शिकवल्याचा आव आणला नाही, हे त्याचे शहाणपण. आधी गणित मांडले. सातव्या मजल्यावरचे ते घर तीन महिने रिकामे आहे, छत्तीस हजार गेले आहेत. पलीकडून शंका आली, रात्री-अपरात्री ये-जा होणार, शेजारी काय म्हणतील? तो म्हणाला, "साहेब, रात्री त्या रुग्णांच्या उशाशी असतात, म्हणूनच अपरात्री येणार. पगार त्यांचा आहे, करारावर सह्याही त्यांच्याच घेऊ."

बराच वेळ पलीकडे शांतता होती. मग मालक म्हणाले, "बरं. अकरा महिने बघू."

परतीच्या बसमध्ये हे तीन शब्द माझ्या मनात घोळत राहिले. होकार काही मोठ्या मनाचा नव्हता. पण मलाही निपाणीच्या त्या वाड्यात जागा मिळाली ती आधी वर्षभरापुरतीच, आणि तिथे मी चार वर्षे राहिलो. उभ्या जन्माची खात्री कोणते घर देते? अकरा महिने मिळाले, जिन्यात उजेड असला आणि किल्ली स्वतःच्या हाती असली, तर पुढचे माणूस आपले आपण पाहतो.