बिनकांद्याची चटणी

डॉक्टरांच्या कागदावर वर गोळीचं नाव होतं, मध्ये पुढच्या सोनोग्राफीची तारीख आणि सगळ्यात खाली एक ओळ: जीवनशैलीत बदल, समतोल आहार, नियमित व्यायाम, ताण टाळणे. गोळी कधी घ्यायची ते मेडिकलवाल्यानं पाकिटावर खूण करून दिलं. खालच्या ओळीचं काय करायचं ते कुठल्या दुकानात जाऊन विचारायचं, काही कळेना.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर असते. पाळीत पोट दुखणं शाळेपासूनचं. ‘दुखणारच की’ असं आईनं, शाळेतल्या बाईंनी आणि एका डॉक्टरांनीसुद्धा सांगितलेलं, त्यामुळं मीही तसंच धरून चालले होते. पण पुढं पुढं पाळी यायच्या बरंच आधी दुखायला लागायचं, संपली तरी थांबायचं नाही. संडासला बसलं की आतून अशी कळ यायची की डोळ्यांपुढं अंधारी. शेवटी सोनोग्राफीला गेले. तिथं पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय?’ नाही म्हटल्यावर आतून करायची तपासणी नको, हे त्यांनी मला न विचारताच ठरवलं. मग बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायचं आणि बाकावर पाय आवळून नंबराची वाट बघायची. पोटावरून केलेल्या त्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर साडेतीन सेंटीमीटरची ‘चॉकलेट सिस्ट’ दिसली. पुढं एमआरआय झाला आणि नाव कळलं: एंडोमेट्रिऑसिस.

डॉक्टर मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर कुठंतरी वाढतात: अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयाच्या आसपास. हार्मोन्सच्या चढउताराबरोबर तिथंही सूज येते, रक्त साकळतं आणि ओले पापड एकमेकांना चिकटावेत तसे आतले अवयव चिकटायला लागतात. सिस्टमधलं साकळलेलं जुनं रक्त घट्ट तपकिरी दिसतं, म्हणून ते चॉकलेट. (तेव्हापासून मला चॉकलेट नकोसं झालंय, पण तो काही आहारातला बदल म्हणून मोजत नाही.) हे का होतं? १९२०च्या दशकात जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त नळ्यांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथं रुजतात. पण तसं उलटं रक्त बहुतेक बायकांचं जातं, आजार मात्र सगळ्यांना होत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, प्रजननाच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकामुलींना तो आहे, म्हणजे जगात १९ कोटी. आणि निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. वाचून मला जरा गर्दीत असल्यासारखं वाटलं.

घरात कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. मावशी म्हणाली, लग्न करून टाक, एक मूल झालं की सगळं जागेवर येतंय. आत्या त्याच्याही पुढं: पिशवीच काढून टाका, कटकट नको. आत्याच्या बोलण्यानं मला २०१९ साली गाजलेल्या बीडच्या बातम्या आठवल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्याच्या. माझा आजार पिशवीच्या बाहेरच पसरलेला, तो पिशवी गेल्यानं जाईलच असं नाही, आणि मूल होणं हे काही त्याचं औषध नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण आत्याला हे कोण सांगणार? ऑफिसातल्या एकीनं दूध बंद करायला लावलं, दुसरीनं दूध-हळद सुरू करायला. मोबाइलवर एक बाई रोज सकाळी हसत हसत म्हणायची की तिनं साखर सोडली आणि सिस्ट विरघळली.

या सगळ्यांत एक सूर सारखाच होता: तुझं काहीतरी चुकतंय. जागरण, बाहेरचं खाणं, स्वभाव. मग मी मॅडमना सरळच विचारलं, यातलं खरं काय? त्या म्हणाल्या, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्यात. त्यात आहार, व्यायाम, ॲक्युपंक्चर, फिजिओथेरपी यांतल्या कशाचीही ठाम शिफारस करता येत नाही असंच म्हटलंय, कारण पुरावा कमी आहे. ‘म्हणजे करायचं नाही?’ ‘करायचं. पण बरं वाटतंय का ते तुझं तू बघायचं, आणि यानं सिस्ट जाईल असं समजायचं नाही.’ मला हलकं वाटलं. ज्यानं आजार जात नाही, त्याच्या अभावानं तो झाला असं तरी कोण म्हणणार?

त्यांनीच एक वही घालायला सांगितली. कधी दुखलं, कुठं, काय खाल्लं, संडास कशी झाली, झोप किती. पतसंस्थेत दिवसभर आकडेच लिहीत असल्यामुळं तेवढं मला जमलं. दोन-तीन पाळ्या लिहून झाल्यावर वही घेऊन बसले, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मी ज्याला ‘पोट दुखतंय’ म्हणत होते ते एक दुखणं नव्हतंच. पाळीतली पिळवटणारी कळ वेगळी. जेवणानंतर पोट नगाऱ्यागत फुगून सलवारची नाडी सैल करायला लावणारं दुखणं वेगळं, ते पाळी नसतानाही यायचं. आणि तासन्‌तास खुर्चीत बसल्यावर खाली, बसायच्या हाडांच्या मध्ये, आवळून धरल्यासारखं व्हायचं ते तिसरंच. एकच उपाय तिन्हीवर करत राहिलं तर तिन्हीकडून निराशा, हे उघड होतं.

पहिल्या कळेवर शेक. शेक घ्यायचं कुणाला शिकवावं लागत नाही, पण किती घ्यायचा ते शिकावं लागतं. २००१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, पाळीत पोट दुखणाऱ्या बायकांना ३९ अंश सेल्सिअसचा पट्टा दिवसाला १२ तास लावला, तर आराम आयबुप्रोफेनच्या गोळीइतका पडला. त्या बायकांना माझा आजार नव्हता, पण कळ तर तीच. ३९ अंश म्हणजे तापातल्या अंगाइतकं फक्त. आमच्याकडं रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतून चटका बसेस्तोवर धरायची पद्धत. माझ्या ओटीपोटावर त्यानं तपकिरी जाळीदार डाग उठलेले, मला वाटायचं आजाराचेच असतील. मॅडम म्हणाल्या, हे शेकाचे, चुलीपुढं बसणाऱ्या बायकांच्या नडग्यांवर असतात तसले. घरी येऊन हे सांगितलं, तर आजीनं लुगडं जरा वर करून नडगी पुढं केली. हुबेहूब तीच जाळी, जन्मभराच्या स्वयंपाकाची. आता पिशवीला टॉवेल गुंडाळते, मधे मधे काढते, आणि ऑफिसात ड्रेसच्या आतून चिकटवायची गरम पट्टी लावते. काउंटरपलीकडच्या माणसाला पत्ता लागत नाही.

फुगण्याचं प्रकरण मात्र लांबलं. आहारतज्ज्ञ बाईंनी लो-फॉडमॅप नावाचा आहार दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात तो तयार झाला, मुळात आतडी चिडण्याच्या त्रासासाठी (आयबीएस). काही साखरा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या आंबतात, गॅस धरतात, पाणी ओढतात. २०१७च्या एका अभ्यासात, हा आतड्याचा त्रास आणि एंडोमेट्रिऑसिस दोन्ही असलेल्या बायकांपैकी ७२ टक्क्यांना चार आठवड्यांत पोटाच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त फरक पडला होता. बाईंनी बजावलं की हे कायमचं नाही. काही आठवडे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा, आणि मनानं तर करायचंच नाही.

बंदच्या यादीत पहिली दोन नावं कांदा आणि लसूण. मी कागदाकडं बघतच राहिले. कोल्हापुरात आमटीपासून मिसळीपर्यंत सगळ्यात जी चटणी पडते ती कांदा-लसणाची. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची आणि बरणीत दाबून भरायची, की वर्षाची ददात मिटली. ती काढली तर घरात उरतं काय, मीठ?

वाचवलं आजीनं. आजी माळकरी. आषाढ लागला होता, कांदेनवमीला घरात भजी-थालीपिठं झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कांदा-लसूण-वांगं बंद. मी म्हटलं, मीपण तुझ्याबरोबर. आई चकित, आजी खूश, आणि शेजारीपाजारी ‘पोरगी चातुर्मास धरतीया’ म्हणून कौतुक. लग्नाच्या जेवणात ताट चाळून बघणाऱ्या मुलीला लोक शंभर प्रश्न विचारतात. चातुर्मास म्हटलं की एकही नाही. आईलाही ते बरंच वाटलं, कारण आजाराचं नाव बाहेर जायला नको हे तिच्या मनात होतंच.

खाचाखोचा पुढं कळत गेल्या. कांदा-लसणातला त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात तांबूस करायच्या, काढून टाकायच्या आणि त्या तेलात मोहरी-जिरं टाकायचं. वास तोच, पोट शांत. अर्थात आजीच्या चातुर्मासाला हे चालत नाही, त्यामुळं माझी फोडणी वेगळ्या पळीत. पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात चालते. हिंग चालतो, पण डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, तो वाचून घ्यायचा. गहू बंद झाल्याचं वाईट वाटलं नाही, आमच्यात जोंधळ्याची भाकरी रोजचीच. राजमा, छोले, सफरचंद, आंबा गेले. सलवारची नाडी महिन्याभरात जाग्यावर आली. पाळीतली कळ तसूभर कमी झाली नाही, आणि ती होणार नव्हतीच.

तिसऱ्या दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्ट. मोबाइलवरच्या बाईचा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायच्या केगल व्यायामावर फार भर होता. ही म्हणाली, ‘तुझे तळाचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, त्यांना आणखी आवळायला शिकवू नकोस.’ तिनं मला पाठीवर झोपवून पोटावर हात ठेवायला सांगितला: श्वास घे, पोट वर येऊ दे, खालचं सैल सोड. सैल सोडणं इतकं अवघड असतं? मी श्वास घेताना दात आवळत होते, हे तिनंच दाखवलं. मग बालासन, मलासन, आणि काउंटरवर मधे मधे उठून उभं राहणं. मॅनेजर साहेबांना वाटतं मी लोकांना मान द्यायला उठते.

गोळ्या मी सोडलेल्या नाहीत. डायनोजेस्ट रोज चालू आहे, त्यानं मधूनच डाग लागतात आणि चिडचिड होते, तेही वहीत लिहिते. कळेची गोळी कळ माथ्यावर पोचायच्या आधी, काहीतरी खाऊन, सांगितली तेवढीच घेते. कळेच्या गोळ्यांतल्या मेफेनामिक ॲसिडबद्दल २०२३च्या शेवटी सरकारी इशारा आला होता, क्वचित अंगावर पुरळ-ताप येऊन गंभीर होऊ शकतं म्हणून. आमच्याकडं ती गोळी चॉकलेटसारखी पर्समधून पर्समध्ये फिरते. आणि एकाएकी असह्य दुखलं, उलट्या झाल्या, ताप भरला तर शेक-बिक काही नाही, थेट दवाखाना, हे आईकडून पाठ करून घेतलंय.

कार्तिकी झाली, आजी कांद्याला लागली. मी एकेक पदार्थ परत आणून बघितला. लसूण थोडा सोसतो, गहू दोन चपात्यांपर्यंत, कांदा अजिबात नाही.

यंदा उन्हाळ्यात आई डंकावर दोन डबे घेऊन गेली. रांगेतली एक बाई म्हणाली, ‘बिनकांद्याची कुणाला? आजींना का?’ आई म्हणाली, ‘न्हाई, पोरीला. तिला एंडोमेट्रिऑसिस आहे.’ नाव तिनं न अडखळता घेतलं म्हणे. मग त्या बाईनं तिला बाजूला घेऊन विचारलं, आमच्या सुनेचंपण असंच दुखतंय, तुमच्या पोरीनं काय काय केलं ते लिहून मिळंल का?

आई घरी येऊन वही मागायला लागली. मी म्हटलं, माझी नको देऊस, तिला एक कोरी घेऊन दे.